वुडवर्डवरच्या दोन चॅलेंजर

(पडदा काळा. फक्त आवाज.)

चावीला लगेच हात लावायचा नाही. आधी अ‍ॅक्सिलरेटर एकदा तळापर्यंत दाबायचा आणि सोडायचा. त्यानं चोकची झडप मिटते आणि कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची एक पिचकारी उडते. गाडी रात्रभर गारठ्यात उभी असेल तर आणखी एकदा. मग चावी. स्टार्टर कुरकुरतो. एक सिलिंडर पेटतो, दुसरा पेटतो, तिसरा रुसून बसतो, आणि मग आठही एकदम.

(इंजिनाचा आवाज मोकळा. 12 सेकंद. निवेदन नाही.)

पिकल्या जांभळाच्या रंगाची ही गाडी 1970 ची डॉज चॅलेंजर. कंपनीनं या रंगाला नाव दिलं होतं 'प्लम क्रेझी'. शेजारची गाडीही डॉज, तीही चॅलेंजर, रंगही तोच. फक्त ती 2023 ची. ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं की ती सुरू होते. तेही आम्ही चित्रित केलं. दोन सेकंदांत संपलं.

ऑगस्टमधला तिसरा शनिवार. मिशिगन राज्य, डेट्रॉइटच्या उत्तरेला रॉयल ओक. समोरचा रुंद, दुभाजकाचा रस्ता म्हणजे वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यू. 1995 पासून, 2020 चा अपवाद सोडला तर, दरवर्षी या दिवशी जुन्या गाड्या इथे फिरायला निघतात. नुसत्या फिरायला. वर जायचं, दुभाजकातल्या वळणावरून परतायचं, खाली यायचं. बघणारे सकाळपासून घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले. पालखीच्या वाटेवर आपल्याकडे लोक जागा धरून बसतात ना, तसेच.

साठच्या दशकात इथला कार्यक्रम रात्रीचा असे. सिग्नलला दोन गाड्या शेजारी थांबायच्या, चालवणारे एकमेकांकडे बघायचे, आणि हिरवा दिवा लागला की पुढच्या सिग्नलपर्यंत. बघे कडेला, बर्गरच्या गाळ्यांबाहेर. त्या गर्दीत डेट्रॉइटच्या कंपन्यांचे इंजिनिअरही असायचे, आपण दिवसा बनवलेलं रात्री खरंच पळतं का ते बघायला.

(पाँटिअ‍ॅक जीटीओ, समोरून. मग बॉनेट उघडतं.)

मसल कार म्हणजे काय, याचं उत्तर या बॉनेटखाली आहे. अंग मध्यम, घरगुती; इंजिन मात्र थोरल्या गाडीचं. पाँटिअ‍ॅकची मालक जनरल मोटर्स. तिचा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत 330 घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पाँटिअ‍ॅकमध्ये तेव्हा जॉन डिलोरियन मुख्य इंजिनिअर होते. त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी 389 घनइंचांचं, म्हणजे 6.4 लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही-8 इंजिन टेम्पेस्ट नावाच्या साध्या गाडीत बसवून पाहिलं. बसलं. नियमाचं काय? नियम नव्या मॉडेलला होता. म्हणून यांनी कागदावर नवं मॉडेल दाखवलंच नाही. जुन्या गाडीसोबत घ्यायचं एक जादा पॅकेज म्हणून 1964 साली जीटीओ विकायला काढली. जादा किंमत 296 डॉलर. वरिष्ठांच्या लक्षात येईपर्यंत गिऱ्हाइकं रांगेत उभी होती.

त्याच वर्षी 17 एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात फोर्डनं मस्टँग आणली, 2,368 डॉलरला. मस्टँग मसल कार की पोनी कार, म्हणजे छोट्या बांध्याची स्पोर्टी गाडी, हा वाद इथे कुणापाशी काढू नका. संध्याकाळ होईल.

मग प्रदूषणाचा कायदा आला, विम्याचे हप्ते चढले, 1973 मध्ये अरबांनी तेल रोखलं. चॅलेंजर 1974 मध्ये बंद झाली.

(रिकामा रस्ता, रात्र. पिवळे दिवे.)

आता एक भुताची गोष्ट.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला डेट्रॉइटच्या रस्त्यांवर एक काळी चॅलेंजर मधूनच उगवायची. टपावर मगरीच्या कातड्यासारखं दिसणारं व्हिनाइल, बॉनेटखाली 426 घनइंचांचं 'हेमी' नावाचं दांडगं इंजिन. यायची, समोरच्याला हरवायची, आणि कुणी बोलायला पुढे येईपर्यंत निघून गेलेली असायची. महिनोन्महिने दिसायची नाही. लोकांनी तिचं नाव ठेवलं 'ब्लॅक घोस्ट'. चालवणारा कोण, हे फार थोड्यांना ठाऊक होतं, आणि ते बोलत नव्हते; कारण तो होता गॉडफ्री क्वॉल्स, डेट्रॉइट पोलिसांचा मोटरसायकलवरचा शिपाई. याआधी सैन्यात छत्रीधारी सैनिक. दिवसा ज्या गुन्ह्यासाठी लोकांना पकडायचं, तोच रात्री स्वतः करायचा. सापडला असता तर नोकरी गेली असती.

पुढे संसार आला आणि गाडी गॅरेजात गेली. वर्षानुवर्षं तिथेच राहिली. विकत घ्यायला माणसं यायची, क्वॉल्स नाही म्हणायचे. 2015 मध्ये ते वारले. जाण्याआधी गाडीचे कागद मुलाच्या हाती दिले होते. 2020 मध्ये ही गाडी अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहीत चढली. 2023 च्या मे महिन्यात इंडियानापोलिसच्या लिलावात ती गेली, सगळं धरून दहा लाख डॉलरच्या वर.

आणि त्याच वर्षी डॉजनं नवी 'ब्लॅक घोस्ट' काढली. फक्त 300 गाड्या, प्रत्येकी 807 हॉर्सपॉवर. टपावर मगरीचं कातडंही आहे. छापलेलं.

(कॅमेरा टपावरून हळू सरकतो. इथे थोडा वेळ घ्यायचा.)

मसल कारच्या पुनरागमनाची सुरुवात 2005 च्या मस्टँगनं झाली. मस्टँग तशी कधी बंद पडलीच नव्हती, चेहरा मात्र हरवून बसली होती. तो चेहरा परत आला: शार्कसारखं नाक, मागे तीन-तीन उभे दिवे. लोक खूश झाले, आणि मग सगळ्यांनी आपापल्या आजोबांचे फोटो काढले. 2008 मध्ये चॅलेंजर, 2009 मध्ये शेवरलेची कॅमारो.

आमच्या दोन चॅलेंजर शेजारी उभ्या केल्या की आधी सारख्या दिसतात. थोडं खाली बसून बघा. आम्ही कॅमेरा जमिनीपासून हातभर उंचीवर ठेवला. नवी सुमारे 15 सेंटिमीटर जास्त उंच आहे. दोन चाकांमधलं अंतर 110 इंचांवरून 116 झालंय. वजन दोनशेहून अधिक किलोंनी वाढलंय. जुनी रस्त्याला चिकटून बसते. नवी जणू तोच सदरा दोन मापं मोठा घालून उभी आहे. याला कारण आहे. नवीचा सांगाडा चार दारांच्या सेडानशी वाटून घेतलेला. त्यात हवेच्या उशा, जाड दारं, मोठी चाकं. जुनीत अपघात झाला तर काय होतं, ते या सदऱ्यापेक्षा वाईट होतं, एवढंही सांगायला हवं.

आकड्यांचीही एक गंमत. जुनीचं 383 घनइंचांचं इंजिन 335 हॉर्सपॉवरचं, नवीचं 6.4 लिटरचं 485. पण 1972 च्या आधी कंपन्या इंजिन गाडीबाहेर, स्टँडवर चढवून, सायलेन्सर आणि इतर लवाजमा काढून मोजायच्या. म्हणजे खरा फरक दिसतो त्याहून मोठा. नवी जिंकते, नि:संशय. वळते, थांबते, एसी गार आहे.

मग शौकीन काय म्हणतात? आम्हाला वाटलं होतं म्हातारे जुन्याच्या बाजूनं बोलतील आणि पोरं नव्याच्या. उलटंच निघालं. नव्या चॅलेंजरमधून उतरलेले आजोबा तारुण्यात जुनी चालवायचे. आता गुडघे क्लच दाबू देत नाहीत, आणि ड्रम ब्रेकची आठवण काढून ते हसले. त्यांना गाडीत आपलं तारुण्य हवंय, कंबरदुखी नको. त्यात चूक काय?

आणि हे बघा, कार्ब्युरेटरवर ओणवा झालेला मुलगा. विशीतला. स्क्रू पाव फेरा आत, थांबायचं, ऐकायचं. पाव फेरा बाहेर, पुन्हा ऐकायचं. इंजिनाची लय जिथे सगळ्यात गोड लागते तिथे सोडायचं. मग दुसरा स्क्रू. मग पुन्हा पहिला, कारण दुसरा हलला की पहिलाही बिघडतो. लॅपटॉप नाही, कुणाची परवानगी नाही. बोटांना पेट्रोलचा वास. आमच्याकडे या मुलाची चाळीस मिनिटं आहेत. काटछाट करताना हात धजेना.

नव्या गाड्यांवरच्या तक्रारी मात्र ठरलेल्या. 2004 ची जीटीओ ही खरं तर ऑस्ट्रेलियातली होल्डन मोनारो होती. पळायची झकास, पण पार्किंगमध्ये शोधावी लागे इतका सामान्य चेहरा. डॉजची जुनी चार्जर दोन दारांची, 2006 ची चार दारांची निघाली, त्याचा राग अजून गेलेला नाही. नव्या कॅमारोच्या खिडक्या किल्ल्यातल्या जंग्यांसारख्या: बंदुकीची नळी बाहेर काढायला ठीक, शेजारचा ट्रक दिसायला नाही. आणि किंमत. डॉजची शेवटची आरोळी, 2023 ची डीमन 170, इथेनॉलमिश्रित इंधनावर 1,025 हॉर्सपॉवर देते आणि तेव्हा 96,666 डॉलरपासून सुरू व्हायची. साध्या गाडीवर 296 डॉलर जादा टाकून मिळणारी मस्ती ती हीच, असं म्हणणारा आम्हाला भेटला नाही.

तरी खपाचं गणित बघा. 2021 मध्ये अमेरिकेत चॅलेंजर 54 हजारांवर गेली, मस्टँग 52 हजारांवर, कॅमारो 22 हजारांच्याही आत. तिघींत सगळ्यात जड आणि सगळ्यात जुन्या सांगाड्याची गाडी पहिली आली. कॅमारोनं 2016 मध्ये वजन घटवलं, वळणं सुधारली. कौतुक झालं. खप घसरला.

2023 संपता संपता कॅमारो बंद झाली, पाठोपाठ चॅलेंजर. चॅलेंजरचा कॅनडातला ब्रॅम्प्टनचा कारखाना थांबला आणि सुमारे तीन हजार कामगार घरी बसले. विम्याच्या 2023 च्या आकडेवारीत अमेरिकेत संख्येच्या मानानं सर्वाधिक चोरली जाणारी गाडी म्हणून चार्जर हेलकॅटचं, म्हणजे चार्जरच्या सगळ्यात ताकदवान रूपाचं, नाव आलं.

(विजेवरची चार्जर डेटोना, वुडवर्डवर, दुपार.)

ही त्यानंतरची. बॅटरीवर चालते. मागे एक पेटी आहे, तिच्यातून व्ही-8 सारखी गर्जना निघते. कंपनी म्हणते हेलकॅटइतकी मोठी. आम्ही पदपथावर बसलेल्यांच्या चेहऱ्यांवर कॅमेरा धरला होता. बघून घ्या.

(9 सेकंद. फक्त चेहरे.)

पुण्यात चेतक विजेवर परत आली तेव्हा स्कूटर तिरकी करून किक मारणारी माणसंही साधारण अशीच बघत होती.

संध्याकाळ. रस्ता रिकामा होतोय. जांभळी 1970 निघायच्या तयारीत आहे आणि सुरू होत नाही. दिवसभर उन्हात रांगेत रांगल्यावर हे होतं: तापलेल्या इंजिनावर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळतं आणि जास्तीचं खाली झिरपतं. स्टार्टर फिरतोय, पेटत नाही. बॉनेट वर गेलं. एक माणूस आला. मग दोघं. सकाळचा तो मुलगा आला. नव्या चॅलेंजरचे आजोबा आपली गाडी चालू ठेवून, मोबाइलचा दिवा धरून उभे राहिले. प्रत्येकाचं मत वेगळं. पंधरा मिनिटं थांबले.

आता पद्धत सकाळच्या उलटी. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा आणि सोडायचा नाही, दाबूनच धरायचा. मग चावी.

(स्टार्टर. स्टार्टर. पडदा काळा. आवाज चालू.)