न पाहिलेल्या लढाईचं दुःख

[दृश्य: मोकळं पठार. एकटा दगडी बुरूज. वाऱ्याचा आवाज.]

हे कोसोवोतलं गाझिमेस्तान. १३८९ साली या भागात सर्बांचा अधिपती लाझार आणि ऑटोमन सुलतान मुराद यांच्या फौजा भिडल्या. दोघेही त्याच लढाईत मारले गेले. नक्की जिंकलं कोण, यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. सर्बांच्या मनात मात्र एकच गोष्ट राहिली, की आपण इथे हरलो.

१९८८-८९ मध्ये लाझारच्या अस्थी शवपेटीत ठेवून मठामठांतून फिरवल्या गेल्या. लोक दर्शनाला लोटले. मग २८ जून १९८९ रोजी, लढाईला ६०० वर्षं झाली म्हणून, सर्बियाचे नेते स्लोबोदान मिलोशेविच हेलिकॉप्टरने इथे उतरले. समोर लाखोंचा जमाव होता. सशस्त्र लढायांची शक्यताही अजून नाकारता येत नाही, असं ते त्या भाषणात सूचकपणे बोलून गेले. दोन वर्षांत युगोस्लाव्हिया, म्हणजे सर्बिया ज्याचा भाग होता तो देश, पेटला.

त्या जमावातल्या कोणाचाही पणजोबासुद्धा त्या लढाईत नव्हता. तरी डोळ्यांतलं पाणी खरं होतं. हे नीट समजून घ्यायला हवं, कारण 'लोकांना भडकवलं' एवढं म्हणून आपण सुटका करून घेतो. भडकायला आत काहीतरी साठलेलं लागतं. सायप्रसमध्ये जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ वामिक वोल्कान यांनी त्याला 'निवडलेला आघात' म्हटलं. समाज एखादी जखम जपतो, मुलांच्या हाती सोपवतो, आणि 'आम्ही कोण' याचं उत्तर तिच्यातच शोधू लागतो.

[दृश्य: रस्त्यावरचा नाका. टेकवून ठेवलेला ट्रान्झिस्टर.]

रवांडा, १९९४. नाक्यांवर कोयते घेऊन तरुण उभे, आणि जवळ रेडिओ चालू. हुतू कट्टरपंथीयांचं आरटीएलएम हे केंद्र अल्पसंख्य तुत्सी समाजाला 'झुरळं' म्हणायचं. माणसांची नावं, पत्ते, गाड्यांचे नंबरसुद्धा वाचून दाखवायचं. त्या आवाजात द्वेष होताच, पण त्याहून जास्त पेरली जात होती भीती: तुम्ही आधी मारलं नाही, तर ते तुम्हाला मारतील. सुमारे १०० दिवसांत लाखो माणसं मारली गेली. मारणाऱ्यांत कितीतरी जण शेजारीच होते.

रागाचं तसं नसतं. रागावलेला माणूस विचारतो, 'तुम्ही असं का केलंत?' त्यात समोरचा बदलू शकतो हे गृहीत असतं, म्हणून रागातून कधीकधी वाटाघाटींची वाट निघते. द्वेषाला प्रश्नच नसतो. 'ते तसलेच' म्हटलं, की बोलणं खुंटतं.

[दृश्य: वॉर्सा, पोलंड. ओला दगडी चौथरा.]

आणि शरम? तीही अख्ख्या समाजाची असू शकते. ७ डिसेंबर १९७०. पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर विली ब्रांट ज्यूंच्या घेट्टोतील, म्हणजे नाझींनी त्यांना कोंडून ठेवलेल्या वस्तीतील, उठावाच्या स्मारकापाशी आले. पुष्पचक्राची फीत सारखी केली, दोन पावलं मागे सरकले, आणि अचानक गुडघ्यांवर बसले. हात पुढे बांधलेले, तोंडून एक शब्द नाही.

ब्रांट स्वतः नाझींचे विरोधक. त्यांच्यापासून जीव वाचवायला तरुणपणीच नॉर्वेला निघून गेलेले. त्या चौथऱ्यावर गुडघे टेकायची ज्याला सगळ्यात कमी गरज होती, तोच माणूस तिथे बसला होता.

मायदेशी एका साप्ताहिकाने लोकांना विचारलं. जवळपास निम्म्यांनी सांगितलं, हे जरा अतीच झालं.