सहा स्पेस आणि पंतप्रधानांचा फोन

नमस्कार मंडळी! टेलिकॉमच्या मशिनरीत चोरवाट म्हटलं की आपल्याकडे लगेच चीनचं नाव निघतं. आज चीनला जरा बाजूला ठेवू. चला ग्रीसला, 2004 साली. अथेन्स ऑलिम्पिकचा हंगाम.

व्होडाफोन ग्रीसच्या नेटवर्कवर शंभरावर मोबाइल टॅप होत होते. पंतप्रधान कोस्तास कारामानलिस, त्यांची पत्नी, अथेन्सच्या महापौर, मंत्री... सगळे त्यात. आणि एक्स्चेंज, म्हणजे कॉल जोडणारी यंत्रणा, कुणाची? एरिक्सनची. स्वीडनची कंपनी, कुणी बोटही दाखवणार नाही अशी.

आता गंमत बघा. पोलिसांनी कायदेशीर आदेश आणला, की कंपनीला फोन ऐकू द्यावा लागतो. ही सोय एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमध्येच असते, आणि 2003 च्या अपग्रेडमध्ये ती ग्रीसच्या एक्स्चेंजमध्ये येऊन बसली. कुणाचा फोन कुणाच्या आदेशाने लावलाय, हे सांभाळणारी यंत्रणा मात्र वेगळी विकत घ्यावी लागते. ती व्होडाफोनने घेतलीच नव्हती. म्हणजे कान आत बसवलेला, हिशेबाची वही गायब.

घुसखोरांनी नवीन काही बांधलं नाही, हीच सोय गुपचूप चालू केली. चालू एक्स्चेंजमध्ये, ते बंद न पाडता, साडेसहा हजारांच्या आसपास ओळींचा कोड घुसवला. मला यातली सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट सांगतो. एखादी साधी कमांड टाइप करायची आणि शेवटी सहा वेळा स्पेस दाबायचा. बस्स. लॉग (कोणती कमांड कधी दिली याची नोंद) बंद, लॉग बंद झाल्याचा अलार्मही बंद, आणि टॅपिंगच्या कमांड खुल्या. स्क्रीनवर स्पेस कुणाला दिसणार?

बिंग फुटलं तेही घुसखोरांच्या स्वतःच्याच करणीने. जानेवारी 2005 मध्ये त्यांनी आपला कोड अपडेट केला आणि लोकांचे एसएमएस पोचेनासे झाले. तक्रारी आल्या, एरिक्सनने खोदून पाहिलं, आणि घबाड सापडलं. पुढे व्होडाफोनने काय करावं? कोड ताबडतोब काढून टाकला! चोर सावध झाले, ज्या प्रीपेड फोनवर चोरलेली संभाषणं जात होती ते बंद पडले. माझ्या मते ही शुद्ध माती खाल्ली. 2006 मध्ये व्होडाफोनला 7 कोटी 60 लाख युरोंचा दंड झाला.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडू नका. 2024 मध्ये अमेरिकेत ‘सॉल्ट टायफून’ नावाचं हॅकिंग प्रकरण उघड झालं. तिथल्या सरकारच्या म्हणण्यानुसार चीनशी संबंधित हॅकर टेलिकॉम कंपन्यांत घुसले, आणि कोर्टाच्या आदेशावरून पोलिसांना द्यायची काही माहितीही त्यांनी उचलली. दुखणं परत तेच.

आपल्याकडे 15 जून 2021 पासून कंपन्यांना नवीन उपकरणं ‘विश्वसनीय स्रोता’कडूनच, म्हणजे सरकारने मान्य केलेल्या पुरवठादाराकडूनच, घ्यावी लागतात. नियम चांगला आहे. पण 2004 च्या ग्रीसमध्ये तो असता, तर एरिक्सन आरामात पास झाली असती, नाही का? टेलिकॉममध्ये काम करणारं कुणी बघत असेल, तर कमेंटमध्ये सांगा: टॅपिंग यंत्रणेचे लॉग तपासतं कोण? कंपनी स्वतःच, की बाहेरचं कुणी?