हजारामागे पंधरा अणू : ओमानच्या डोंगरातला समुद्रतळ

दृश्य : मस्कत शहर. हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना बोडके, तपकिरी डोंगर.

मस्कतला नोकरीधंद्यासाठी राहिलेल्या मराठी माणसाने हे डोंगर रोज पाहिलेले असतात. रंग गंजलेल्या पत्र्याचा, झाडोरा जवळजवळ नाहीच. हातोड्याने एक कोपरा उडवला, तर आत काळपट हिरवा दगड निघतो आणि भेगांवर सर्पेन्टिन या खनिजाचा साबणासारखा बुळबुळीत थर. हा पेरिडोटाइट. समुद्रतळाच्या कित्येक किलोमीटर खाली, पृथ्वीच्या कवचाखालच्या प्रावरणात असायचा तो दगड इथे रस्त्याकडेला उघडा पडला आहे.

उत्तर ओमान आणि शेजारच्या अमिराती मिळून जवळजवळ 500 किलोमीटर लांबीचा समुद्रतळ असा जमिनीवर चढून बसला आहे. अशा तुकड्याला ओफिओलाइट म्हणतात. हा समाइल ओफिओलाइट. त्याची चळत खालून वर ठरलेली आहे: पेरिडोटाइट, मग गॅब्रो (खोलवर सावकाश गोठलेला मॅग्मा), मग उभ्या डाइकचा (भेगांत घुसून गोठलेल्या मॅग्माच्या भिंतींचा) पट्टा, त्यावर पिलो लाव्हा (पाण्याखाली उशांसारखा गोठलेला), आणि सर्वांत वर चर्टसारखा सागरी गाळ.

दृश्य : डाइकचा कडा, जवळून. एका डाइकच्या कडेवर बोट.

डाइकपाशी जरा थांबू. धुळे-नंदुरबारकडे दख्खनच्या बेसाल्टमधून डाइक भिंतींसारखे उभे दिसतात, पण तिथे दोन डाइकच्या मध्ये आधीचा खडक असतो. इथे मध्ये काहीच नाही. डाइकला लागून डाइक, त्याला लागून पुन्हा डाइक. गरम डाइकची कड थंड खडकाला टेकली की झटकन गोठते आणि तिचे कण अगदी बारीक राहतात. अशी बारीक कड दोन्ही बाजूंना हवी. इथे बऱ्याच डाइकना ती एकाच बाजूला असते, कारण नवा डाइक जुन्याच्या बरोबर मधून घुसला आणि त्याची दुसरी बाजू पलीकडे सरकली. तळ सतत फाटत आणि भरत असेल तरच असं होतं. म्हणजे कसं घडलं, ते खडक डोळ्यांना सांगतो. कधी घडलं, ते सांगत नाही.

वय काढायला लाव्हा थेट मोजायला घ्यावा, तर तो फसवतो. समुद्राचं तापलेलं पाणी त्यातून फिरलेलं असतं. ते पोटॅशियम घालतं, खनिजं बदलतं, आणि आर्गॉनही निसटतो. पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीने (पोटॅशियमपासून किती आर्गॉन झाला ते मोजून) आकडा मिळतो खरा, पण तो लाव्हा गोठल्याचा की नंतर शिजल्याचा, हे कळत नाही.

हवा असतो झिर्कॉन. या खनिजात युरेनियम असतं, त्याचं ठरावीक वेगाने शिसं होतं, आणि ते मोजून वय कळतं. पण बेसाल्टमध्ये तो सहसा सापडत नाही. म्हणून गॅब्रोच्या माथ्याशी, डाइकच्या बुडाशी प्लॅजिओग्रॅनाइट या ग्रॅनाइटसारख्या खडकाच्या फिकट शिरा शोधायच्या. मॅग्मा गोठत गोठत शेवटी जो थोडा रस उरतो, त्यात झिर्कोनियम साठतं. पण दिसली शीर की फोडली, असं चालत नाही. डाइक तिला कापतात की ती डाइकना कापते, हे आधी वहीत उतरवायचं. आधीच गोठलेला खडक पुन्हा वितळूनही अशा शिरा तयार होतात, आणि त्यांचं वय कवचाच्या वयापेक्षा कमी असू शकतं.

दृश्य : प्रयोगशाळा. जॉ क्रशर, चाळण्या, सूक्ष्मदर्शक.

पाच-दहा किलो दगड जॉ क्रशरमध्ये फोडतात. त्याआधी यंत्र घासून पुसून, याच दगडाचा थोडा चुरा फिरवून फेकून देतात, नाहीतर मागच्या नमुन्याचा एखादा कण भलतंच वय सांगून मोकळा होतो. मग दळायचं, चाळायचं, पाण्याच्या हलत्या टेबलावर सुपात पाखडल्यासारखं हलकं-जड वेगळं करायचं. चुंबकाला चिकटणारं बाजूला. उरलेलं मिथिलीन आयोडाइडमध्ये: द्रवाची घनता 3.3, झिर्कॉनची सुमारे 4.6. क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार तरंगतात, झिर्कॉन तळाला जातो. त्यातून स्वच्छ, बिनभेगांचे कण चिमट्याने एकेक वेचायचे.

कण भट्टीत 900 अंश सेल्सिअसला दोन-अडीच दिवस ठेवतात, मग बंद कुपीत, 200 अंशांच्या आसपास, हायड्रोफ्लोरिक आम्लात सुमारे 12 तास. किरणोत्साराने खिळखिळा झालेला, शिसं गळालेला भाग विरघळून जातो. ही पायरी टाळली की वय खोटं कमी येतं. शाबूत गाभा मग पूर्ण विरघळवून, तुलनेसाठी मोजून घातलेल्या शिसं-205 सोबत, अणू वजनानुसार वेगळे करून मोजणाऱ्या वस्तुमानमापीवर चढवतात.

एका कणातलं शिसं पिकोग्रॅममध्ये मोजावं लागतं, आणि एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. आम्लातून किंवा हवेतल्या धुळीतून तेवढंच शिसं आत आलं, तरी हिशोब बिघडतो.

हिशोब असा. युरेनियम-238 चं अर्धआयुष्य 446.8 कोटी वर्षं. 9 कोटी 60 लाख वर्षांत, उरलेल्या दर हजार युरेनियम अणूंमागे शिसं-206 चे 15 अणू तयार होतात. वय 6 लाखांनी कमी असतं, तर 14.9. प्रश्न या दशांशाचा आहे. लेझरने कण उडवून मोजण्याची पद्धत झटपट आणि स्वस्त आहे, पण तिची चूक टक्का-दोन टक्क्यांची, म्हणजे 10 ते 20 लाख वर्षं. समाइलची गोष्ट तेवढ्यात अख्खी बुडून जाते.

कारण काटेकोर मोजणीत हे कवच 9 कोटी 61 लाख ते 9 कोटी 52 लाख वर्षांपूर्वीचं निघतं. जेमतेम 10 लाख वर्षांत सगळं तयार.

दृश्य : वादी तायिन, ओमानमधली दरी. पेरिडोटाइटच्या तळाशी काळी, चकाकती अँफिबोलाइटची (उष्णतेने आणि दाबाने बदललेल्या खडकाची) पट्टी.

आता या पट्टीकडे पाहा. ओफिओलाइट ज्या खडकांवर सरकला, ते त्याच्या उष्णतेने भाजले. सर्वाधिक भाजलेले वर, कमी भाजलेले खाली. यातल्या झिर्कॉनची वयं सुमारे 9 कोटी 62 लाखांपासून सुरू होतात. म्हणजे वरचं कवच जन्मत होतं तेव्हाच खालचा भूपट्ट त्याच्याखाली खचत होता. समुद्राच्या मधोमध निवांत तयार झालेला हा तळ नव्हे. लाव्हाची रसायनंही तेच म्हणतात. पाण्याने हलणारे सोडियम-पोटॅशियम सोडून टायटॅनियम, व्हॅनेडियम, थोरियम, निओबियम पाहिले, तर खालचे लाव्हा बरेचसे मध्य-सागरी रांगेतल्या (समुद्राच्या मधोमध तळ फाटतो तिथल्या) लाव्हांसारखे, वरचे मात्र अधोगमनाचा, म्हणजे भूपट्ट असा खाली जाण्याचा, ठसा असलेले.

इतकं जुळल्यावर 2018 मध्ये याच पट्टीतल्या गार्नेट या खनिजाने ल्युटेशियम-हाफ्नियम पद्धतीने (ल्युटेशियमचं हाफ्नियम होतं, ते मोजून) सुमारे 10 कोटी 40 लाखांचं वय दिलं. खरं असेल, तर वरचा तळ फाटण्याच्या 80 लाख वर्षं आधीच अधोगमन सुरू झालं होतं. यावर वाद चालू आहे. असं वय तपासताना पहिली शंका झिर्कॉनवरच जाते. गार्नेटच्या पोटात त्याचे बारीक कण अडकलेले असतात, ते हाफ्नियमने गच्च भरलेले, आणि गार्नेटसोबत आम्लात विरघळले तर घड्याळ बिघडवतात. म्हणून गार्नेट विरघळवताना आम्ल असं निवडतात, की झिर्कॉन तळाशी तसाच राहावा.