ट्रस्ट फंड नसलेल्या मुली

श्रोतेहो, नमस्कार. आज मी आपल्याशी 'डेरी गर्ल्स' या विनोदी मालिकेविषयी बोलणार आहे, आणि त्यातही तिच्यातल्या पात्रांच्या सामाजिक वर्गाविषयी. लिसा मॅक्गी यांनी लिहिलेली ही मालिका ब्रिटनच्या चॅनेल फोर या वाहिनीवर जानेवारी २०१८ ते मे २०२२ या काळात तीन पर्वांत दाखवली गेली. गोष्ट घडते १९९० च्या दशकातल्या उत्तर आयर्लंडमध्ये, ज्या शहराला कॅथलिक लोक डेरी म्हणतात आणि प्रॉटेस्टंट लोक बहुधा लंडनडेरी म्हणतात, त्या शहरात. एरिन, तिची मावसबहीण ऑर्ला, क्लेअर आणि मिशेल या चार कॅथलिक मुली एका जोगिणींच्या शाळेत शिकतात, आणि मिशेलच्या नात्यातला जेम्स हा इंग्लंडमध्ये वाढलेला मुलगा त्याच मुलींच्या शाळेत येऊन पडतो, कारण मुलांच्या शाळेत त्याच्या इंग्रजी उच्चारांमुळे तो मार खाईल अशी सगळ्यांना खात्री असते.

या जेम्सपासूनच सुरुवात करते. इंग्लंडमध्ये माणूस तोंड उघडतो आणि त्याचा वर्ग ऐकणाऱ्याला कळतो. तिथल्या शाळकरी मुलांवरच्या मालिका बहुतेक याच एका गोष्टीवर उभ्या असतात. डेरीमध्ये मात्र हे सारे उलटे होते. जे उच्चार इंग्लंडमध्ये कोणाच्या कानाला खटकले नसते, त्याच उच्चारांमुळे जेम्स इथे सर्वांत खालच्या पायरीवर जातो, आणि आपण नेमके कोणत्या पायरीवर आहोत हे त्या बिचाऱ्याला तीन पर्वांमध्येही पुरते समजत नाही. (इथे एक सांगितल्याशिवाय राहवत नाही: ही मालिका कधीही दुसऱ्या भाषेत डब करून पाहू नये. खाली अक्षरे वाचावी लागली तरी चालेल, पण त्या मुलींची भरधाव, चढ्या सुराची बोली मूळचीच ऐकावी. बोली काढून घेतली की माणसाचे गाव जाते, आणि गाव गेले की त्याचा वर्गही दिसेनासा होतो.)

आता मला जो प्रसंग सांगायचा आहे तो पहिल्या पर्वाच्या दुसऱ्या भागातला आहे, आणि या विषयावर बोलण्याची इच्छा मला त्या प्रसंगामुळेच झाली. शाळेची सहल पॅरिसला जाणार आहे अशी घोषणा होते. सहलीला अर्थातच पैसे लागणार. वर्गात जेनी जॉइस नावाची एक मुलगी आहे, नेहमी नीटनेटकी, नेहमी पुढे असलेली, आणि तिला पैशांची चिंता नाही, कारण तिचा ट्रस्ट फंड आहे. मूल मोठे झाल्यावर त्याच्या हाती यावी म्हणून घरच्यांनी आधीच बाजूला काढून ठेवलेली रक्कम, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. एरिन आणि तिच्या मैत्रिणी हा शब्द ऐकतात आणि त्यांच्या मनात जे येते ते मला फार हृद्य वाटते. आपल्याकडे ट्रस्ट फंड नाही, असे त्यांच्या मनातच येत नाही. त्यांना वाटते, असा फंड सगळ्यांचाच असणार. आपल्या घरच्यांनी तो अजून सांगितलेला नाही, इतकेच.

मग एरिन घरी येते आणि आपल्या ट्रस्ट फंडातले थोडे पैसे मिळतील का, असे आईवडिलांना सरळ विचारते. ज्या घरात आजोबा, आईवडील, मावशी, मावशीची मुलगी आणि पाळण्यातले बाळ असा सगळा गोतावळा वावरतो, त्या घरात हा प्रश्न येऊन पडतो. आईला आधी शब्दच कळत नाही. तो कळल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे दिसते ते पाहून आपण हसतो, पण त्या हसण्यात एक कळ असते, कारण मुलीने आईकडे तिच्या स्वप्नातही नसलेली गोष्ट हक्काने मागितली आहे आणि मागताना तिच्या आवाजात जरासुद्धा संकोच नाही. मैत्रिणी पुन्हा भेटतात तेव्हा कळते की कोणाचाच फंड नाही. आपण गरीब आहोत हा शोध त्या पाचही जणांना एकाच दिवशी, एकाच शब्दामुळे लागतो.

श्रोतेहो, हे मी पुन्हा सांगते, कारण माझ्या मते सारे मर्म इथेच आहे. त्या मुलींच्या घरात अन्न आहे, कपडे आहेत, चिप्सच्या दुकानातून कोणी काय मागवायचे यावर मनसोक्त खल करण्याइतकी ऐपतही आहे. जेनीच्या आणि त्यांच्यामधले अंतर, कोणती गोष्ट न विचारता गृहीत धरता येते, यावरून ठरते. जेनी पॅरिस गृहीत धरते. एरिनला ते मागावे लागते. (सहलीची घोषणा सगळ्या शाळेसमोर करण्यापूर्वी त्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला ती परवडेल की नाही, याचा विचार शिक्षकांनी केलाच पाहिजे असे माझे ठाम मत आहे, आणि ते केवळ डेरीपुरते नाही.)

पुढची हकीकत अशी. पैसे मिळवण्यासाठी मुली काम शोधायला निघतात. फिनूला नावाच्या करारी बाईच्या चिप्सच्या दुकानात नोकरीच्या चिठ्ठ्या लावलेला एक फलक असतो, आणि इतर कोणी ती कामे पटकावू नयेत म्हणून मिशेल चिठ्ठी न घेता अख्खा फलकच उचलून आणते. ही चोरी उघडकीस येते आणि सगळ्यांच्या घरांवर त्या दुकानाची दारे बंद होतात. एरिनच्या आईला, मेरीला, हा आघात पॅरिसच्या सहलीपेक्षा कितीतरी मोठा वाटतो. प्रायश्चित्त म्हणून मुलींना फिनूलाकडे साफसफाई करावी लागते, आणि तिथेच मिशेल दारूचे पेले पेटवून पिण्याचा घाट घालते, त्यात पडदे पेट घेतात. पॅरिससाठी काम शोधायला निघालेल्या मुली फुकट झाडलोट करतात आणि नुकसान वाढवून ठेवतात. त्या भागात पॅरिस एकदाही दिसत नाही.

या शहरात वर्गाची जाणीव मुलींना इतक्या उशिरा का व्हावी, याचे थोडके उत्तर इतिहासात आहे. जुन्या व्यवस्थेत डेरीच्या नगरपालिकेसाठीचे मत घराशी बांधलेले होते: ज्याच्या नावावर घर, त्याला आणि त्याच्या जोडीदाराला मत. आईवडिलांच्या घरी राहणारी मोठी मुले आणि दुसऱ्याच्या घरात खोली घेऊन राहणारी कुटुंबे मतापासून वंचित होती. त्यामुळे नगरपालिकेचे घर कोणाला द्यायचे हा निर्णय म्हणजे मताचा हक्क कोणाला द्यायचा हाच निर्णय होता, आणि प्रभागही असे आखलेले होते की कॅथलिक बहुसंख्य असूनही सत्ता युनियनवाद्यांकडेच, म्हणजे ब्रिटनशी जोडलेले राहू पाहणाऱ्या, बहुतांशी प्रॉटेस्टंट पक्षाकडेच राहावी. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी ड्यूक स्ट्रीटवर निघालेल्या नागरी हक्कांच्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या चालवल्या, तेव्हा घर आणि मत या त्यातल्या मुख्य मागण्या होत्या. म्हणजे वर्गाचा प्रश्न तिथे होताच. तो धर्माचे नाव घेऊन वावरत होता. एका गल्लीत सगळेच कॅथलिक आणि सगळ्यांचीच ओढाताण सारखी असली, तर मुलाने आपली तुलना कोणाशी करायची?

मालिकेच्या दुसऱ्या पर्वात कॅथलिक मुली आणि प्रॉटेस्टंट मुले यांना एका शिबिरात एकत्र आणतात आणि दोघांमधली साम्ये फळ्यावर लिहायला सांगतात. साम्ये सुचत नाहीत, भेदांनी मात्र फळा भरून जातो, आणि त्यात प्रॉटेस्टंट लोक टोस्टर कपाटात ठेवतात हाही एक भेद असतो. तो फळा पुढे बेलफास्टच्या अल्स्टर म्युझियममध्ये मांडला गेला. टोस्टर ओट्यावर राहतो की कपाटात जातो, हे स्वयंपाकघर केवढे आणि त्याची टापटीप कशी यावरून ठरते, हे आपल्यासारख्या घर चालवणाऱ्या श्रोत्यांना मी काय सांगावे. पण त्या मुलांना तिथेही धर्मच दिसतो.

जाता जाता एरिनच्या आईविषयी. तिसऱ्या पर्वात मेरी काहीतरी लपवते आहे हे घरच्यांच्या लक्षात येते, आणि घरी कामाला आलेल्या प्लंबरशी तिचे संबंध जुळले असावेत असा भलताच संशय घेतला जातो. मेरीला प्रत्यक्षात विद्यापीठात जाऊन शिकायचे असते. १९४७ च्या शिक्षण कायद्याने उत्तर आयर्लंडमध्ये माध्यमिक शिक्षण मोफत झाले, आणि राजकीय नेते जॉन ह्यूम, कवी सीमस हीनी यांच्यासारखी साध्या घरांतली कॅथलिक मुले त्या वाटेने पुढे गेली. याच डेरीतल्या असंख्य मुली मात्र शर्ट शिवण्याच्या कारखान्यांत कामाला लागल्या. पहिल्या पर्वात मुलीने जेवणाच्या टेबलाशी सगळ्यांच्या देखत ट्रस्ट फंड मागितला होता. शिकावेसे वाटते, एवढे सांगायला आईला तिसरे पर्व उजाडावे लागते, आणि तेही ती आधी एका परक्या माणसापाशी बोलते. नमस्कार.