पहिला वॅट

नमस्कार, श्रोतेहो.

या क्षणी माझा आवाज तुमच्यापर्यंत पोचतोय तो एका अ‍ॅम्प्लिफायरमधून. तो तुमच्या रेडिओत असेल, गाडीच्या डॅशबोर्डमागे असेल, नाहीतर हातातल्या फोनमध्ये नखापेक्षा लहान चिपवर असेल. अँटेनाला मिळणारा संदेश इतका क्षीण असतो, की त्याच्या बळावर स्पीकरचा पडदा तसूभरही हलणार नाही. त्यात जोर भरायचा तो अ‍ॅम्प्लिफायरनं, आणि जोर भरताना संदेशाचा आकार मात्र जरासुद्धा बदलू द्यायचा नाही. या कामाची बरीच वाटचाल माझ्या घरातल्या यंत्रांमध्ये माझ्या डोळ्यांदेखत झाली, म्हणून आज त्याविषयी बोलते.

आमचं घर गिरगावातलं. अण्णांनी घेतलेला व्हॉल्व्हचा, म्हणजे आत तापणाऱ्या काचेच्या नळ्या असलेला रेडिओ भिंतीवरच्या फळीवर असायचा. बटण फिरवलं की लगेच आवाज येत नसे. आतल्या तारा तापायच्या, हिरवा डोळा उजळायचा, आणि मग निवेदकाचा आवाज हळूहळू वर यायचा. शनिवारी रात्री आकाशवाणीची राष्ट्रीय संगीत सभा असे. १९५२ साली सुरू झालेला हा कार्यक्रम आमच्या चाळीत एखाद्या सणासारखा पाळला जायचा, शेजारची मंडळी आमच्याकडे येऊन बसायची. रेडिओच्या पाठीमागे 'पिकअप' असं लिहिलेलं एक सॉकेट होतं. रेकॉर्ड प्लेअरची वायर त्यात खोचली, की रेडिओच अ‍ॅम्प्लिफायरचं काम करायचा. शेवटच्या टप्प्यात ईएल ८४ नावाचा एकच व्हॉल्व्ह, ताकद जेमतेम चार-पाच वॅट. खर्ज कमी, वरचे बारीक आवाज त्याहून कमी. तरी तानपुरा लागला की खोली भरून जायची. याचं कारण मला फार पुढे समजलं.

कॉलेजात गेल्यावर मी स्वतः अ‍ॅम्प्लिफायर जोडायला लागले. गिरगावातून लॅमिंग्टन रोड पायी जाण्याच्या अंतरावर. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण सुटे भाग घेणारा माणूस लॅमिंग्टन रोडच म्हणतो. तिथे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे एसी १२७ आणि एसी १२८ हे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर मिळत. त्यांच्या जोडीवर एखाद्या वॅटचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर व्हायचा. मग २एन ३०५५ आला, जाड धातूच्या टोपणातला, सिलिकॉनचा. चार ट्रान्झिस्टर, दोन हीटसिंक, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारे धातूचे तुकडे, एक दणकट ट्रान्सफॉर्मर आणि प्लायवूडची पेटी एवढ्यावर घरात स्टीरिओ अवतरला. दोन स्पीकरांच्या मधल्या रिकाम्या जागेतून गायकाचा आवाज येताना पहिल्यांदा ऐकला, तेव्हा अण्णा उठून तिथे हात फिरवून आले.

पण त्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये एक खोट होती. गाणं मोठ्यानं लावलं की उत्तम. रात्री आवाज लहान केला, की तानपुऱ्याच्या प्रत्येक तारेला किरकिर चिकटायची, बारीक वाळू पडल्यासारखी. मी पेटी उचलून लॅमिंग्टन रोडवरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेली आणि सांगितलं, की मोठ्यानं अगदी छान वाजतो. ते म्हणाले, "पोरी, मोठ्यानं सगळेच छान वाजतात. हळू लावून दाखव." मग त्यांनी आतला प्रीसेट, म्हणजे एकदाच जुळवून ठेवायचा बारकासा कंट्रोल, स्क्रू ड्रायव्हरनं किंचित फिरवला. किरकिर गेली.

त्यांनी काय केलं ते सांगते, कारण आजच्या बोलण्याचा सगळा गाभा त्यात आहे. अशा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आवाजाची लाट दोघांत वाटलेली असते. वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर वाहतो, खालचा अर्धा दुसरा. पालखीचे भोई खांदा बदलतात तसं, लाट शून्यावरून जाताना दर वेळी ओझं एकाकडून दुसऱ्याकडे जातं. आता सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर सुमारे ०.६ व्होल्ट मिळाल्याशिवाय काम सुरूच करत नाही. म्हणजे पहिल्यानं खांदा काढून घेतलेला आणि दुसरा अजून पोचलेला नाही, अशी पोकळी मधे राहते. तिथे लाटेला खाच पडते. याला क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन म्हणतात. मोठ्या आवाजात लाट उंच असते, त्यामानानं खाच क्षुल्लक. आवाज लहान केला, की लाट लहान होते, खाच मात्र तेवढीच राहते. म्हणून ही खोट नेमकी हळू आवाजात, विरत जाणाऱ्या मींडेत आणि तानपुऱ्यात उघडी पडते.

उपाय असा, की दोन्ही ट्रान्झिस्टरना आधीच थोडासा प्रवाह देऊन जागं ठेवायचं, म्हणजे अदलाबदलीच्या वेळी क्षणभर दोघांचेही खांदे पालखीखाली असतात. या प्रवाहाला बायस म्हणतात, आणि मिस्त्रींनी तोच वाढवला होता. बायस फार वाढवला की ट्रान्झिस्टर तापतो, तापला की आणखी प्रवाह ओढतो, आणि मे महिन्यातल्या मुंबईत हे चक्र त्याला जाळूनच थांबतं. म्हणून बायस ठरवणारे डायोड हीटसिंकलाच चिकटवून बसवायचे. आणि अण्णांच्या रेडिओत? तिथे एकच व्हॉल्व्ह संपूर्ण लाट वाहायचा, खांदा बदलायचा प्रश्नच नव्हता. त्याचे दोष वेगळे होते, पण ते आवाज वाढेल तसे वाढायचे आणि आवाज लहान केला की दबून जायचे.

या सगळ्यामागे आणखी एक फार सुंदर कल्पना आहे. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमधले हॅरॉल्ड ब्लॅक हे इंजिनिअर लांब पल्ल्याच्या टेलिफोनसाठी निर्दोष अ‍ॅम्प्लिफायर शोधत होते. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी हडसन नदीवरच्या फेरीबोटीतून कामावर जाताना त्यांना उत्तर सुचलं, आणि हातात होतं त्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पानावरच त्यांनी आकृती काढली. बाहेर पडणाऱ्या संदेशाचा थोडा भाग उलटा करून परत आत आणायचा. मूळ संदेश आणि हा परत आलेला भाग यांत जो फरक दिसेल, ती अ‍ॅम्प्लिफायरची चूक. ती तिथल्या तिथे भरून निघते. संदेश वाढवण्याच्या क्षमतेचा मोठा हिस्सा यात सोडून द्यावा लागतो, पण बदल्यात शुद्धता मिळते. मी हे वर्गात दर वर्षी शिकवत असे, आणि दर वर्षी सांगताना अंगावर काटा यायचा.

दादरला एका ज्येष्ठ रसिकांकडे इंग्लंडमधल्या क्वाड कंपनीचा ४०५ हा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर होता. कंपनीचे संस्थापक पीटर वॉकर. १९७५ च्या या यंत्रात त्यांनी कामाची वाटणीच निराळी केली. एक लहान पण अत्यंत चोख अ‍ॅम्प्लिफायर नाजूक काम सांभाळतो, आणि धिप्पाड ट्रान्झिस्टर फक्त जास्तीचा प्रवाह पुरवतात. त्यांच्यात काही कसर राहिली, तर ती लहान अ‍ॅम्प्लिफायर भरून काढतो. त्या घरी बायसचा प्रीसेट नसलेला अ‍ॅम्प्लिफायर मी प्रथम पाहिला. त्या वेळी परदेशी यंत्र भारतात आणणं म्हणजे जबर कस्टम ड्यूटी, नाहीतर मुसाफिरखान्यातला चोरटा माल. सरळमार्गी माणसाला कॉस्मिक किंवा कोलकात्याची सोनोडाइन असे देशी पर्याय होते. माझ्या संसारातला पहिला तयार सेटही देशीच होता आणि त्यानं बरीच वर्षं इमानानं साथ दिली.

१९९१ नंतर दुकानं भरली. आणि त्याबरोबर खोक्यांवर आकडे चढले: १००० वॅट, २००० वॅट, खाली बारीक अक्षरात पीएमपीओ. या आकड्याला कुठलंही सर्वमान्य मोजमाप नव्हतं. कपॅसिटरमध्ये साठलेली वीज एका क्षणात ओतली तर काय होईल, याची ती हवेतली गणितं. आमच्या घरातही असा एक मिनी सिस्टिम आला, दिव्यांची रांग नाचवणारा. त्याच्या पाठीवरच्या पट्टीवर लिहिलं होतं, भिंतीतून ओढली जाणारी वीज ५० वॅट. जे यंत्र ५० वॅट घेतं, ते सतत १००० वॅट कुठून देणार? शाळेतली मुलंसुद्धा हे सोडवतील. मला तो आकडा तेव्हाही संतापजनक वाटला आणि आजही वाटतो, कारण माणसं घाम गाळून कमावलेला पैसा या आकड्यांवर घालत होती.

मुळात आपल्याला वॅट लागतात किती? साधारण घरगुती स्पीकर एका वॅटवर, एक मीटर अंतरावर, ८७ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. संध्याकाळी दिवाणखान्यात निवांत गाणं ऐकताना सरासरी एका वॅटचा दहावा भागही पुरतो. तबल्याची खणखणीत थाप सरासरीपेक्षा २० डेसिबलनं वर उसळू शकते, आणि २० डेसिबल म्हणजे शंभरपट ताकद, म्हणजे क्षणभरासाठी दहा वॅट. उरलेले वॅट हाताशी असावेत, पण त्यांच्यापायी पहिला वॅट बिघडता कामा नये. आणि ५० चे १०० वॅट केले तर फरक पडतो फक्त ३ डेसिबलचा; कानाला दुप्पट मोठं वाटायला ताकद दहापट लागते. नेल्सन पास हे अमेरिकेतले नामवंत अ‍ॅम्प्लिफायर-रचनाकार. त्यांनी आपल्या एका छोट्या कंपनीचं नावच 'फर्स्ट वॅट' ठेवलं.

हे गणित मला माझ्याच घरात खरं झालेलं दिसलं. माझा आत्येभाऊ इंग्लंडहून कायमचा परतला तेव्हा त्यानं आपला जुना एनएडी ३०२० मला दिला. १९७८ सालचं हे डिझाइन, नॉर्वेच्या एरिक एडवर्डसन यांचं. दिसायला मळकट, साधा. लेबलवर फक्त २० वॅट. तिकडचा २४० व्होल्टचा सेट, त्यामुळे आपल्याकडे थेट चालला. पहिल्या रात्री कुमार गंधर्व लावले. स्वर हवेत विरत जातो, त्याच्या मागे तानपुरा तसाच उरतो, आणि दोन्ही एकमेकांत मिसळूनही वेगळे ऐकू येतात. नाचणाऱ्या दिव्यांचा सेट त्याच आठवड्यात भाच्याकडे गेला.

आता माझ्या टेबलावर क्लास डी जातीचा तळहाताएवढा बोर्ड आहे. यातले ट्रान्झिस्टर सेकंदाला काही लाख वेळा पूर्ण चालू, पूर्ण बंद होतात आणि पुढची फिल्टरची कॉइल त्यातून आवाजाची लाट वेगळी काढते. आत घेतलेल्या विजेचा सुमारे नव्वद टक्के भाग पूर्ण ताकदीवर स्पीकरपर्यंत जातो, म्हणून हीटसिंक जेमतेम कोमट. सुरुवातीच्या काळातले असे बोर्ड सूं करत. चांगले बोर्ड आता खरोखर शांत असतात. फक्त पुष्कळ नव्या सेटना रेकॉर्डचं इनपुट नसतं. रेकॉर्डच्या सुईमागच्या पिकअपमधून येतात चार-पाच मिलिव्होल्ट, सीडी प्लेअर देतो दोन व्होल्ट, आणि शिवाय आरआयएए या अमेरिकी रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेच्या १९५४ च्या प्रमाणानुसार रेकॉर्डमध्ये दाबलेला खर्ज परत वर उचलावा लागतो. ही सोय जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये असते. घरात जुन्या तबकड्या असतील, तर तेवढ्यासाठीसुद्धा तो भंगारात घालू नका.

तुमच्या माळ्यावर असा एखादा सेट असेल, तर तो थेट प्लगमध्ये लावू नका. वर्षानुवर्षं पडून राहिलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, सुकलेले असू शकतात. मिस्त्रींकडे सिरीज बोर्ड असतो, म्हणजे सेटला जाणारी वीज आधी एका बल्बमधून नेणारा बोर्ड; त्यात १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लावून सेट सुरू करायला सांगा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. तसाच प्रखर राहिला तर आत शॉर्ट आहे. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये प्लग काढल्यावरही तीनशे व्होल्ट साठलेले असू शकतात, तिथे जाणकाराशिवाय कुणीही हात घालू नये. कपॅसिटर बदलायचे तर १०५ डिग्री तापमान सोसणारे मागा, ८५ चे नकोत. यंत्र जितकं गार, तितके ते टिकतात, म्हणून सेटवर क्रोशाचा रुमाल अंथरू नका, जाळ्या मोकळ्या ठेवा. व्हॉल्यूमची खरखर बहुतेक वेळा कॉन्टॅक्ट क्लीनरच्या एका फवाऱ्यानं जाते. कार्बनचा पट्टा झिजला असेल तर नवा कंट्रोल बसवावा लागतो, तो स्वस्तात मिळतो.

आणि दुरुस्त होऊन आला, की तानपुरा लावा. फोनमधला चालेल. आवाज इतका कमी ठेवा, की घरातलं बोलणं त्याच्या वरून सहज जाईल. मग एकेका स्पीकरजवळ कान नेऊन तार शेवटपर्यंत विरेतो ऐका. एका बाजूला किरकिर आली, तर मिस्त्रींना त्या चॅनलचा बायस तपासायला सांगा. दोन्ही बाजू स्वच्छ असतील, तर त्या अ‍ॅम्प्लिफायरला शोभेल असा स्पीकर खुशाल विकत घ्या.

नमस्कार.