पैसे हाती येण्याआधीचा कर

(दृश्य: हिंजवडी, सकाळची वेळ. कंपन्यांच्या बस फाटकातून आत शिरत आहेत.)

पुण्यातील हिंजवडी किंवा खराडी येथे अमेरिकी कंपनीत काम करणाऱ्या अभियंत्याच्या पगारपत्रकात वर्षातून काही वेळा टीडीएसचा, म्हणजे पगारातून आधीच कापलेल्या कराचा, आकडा एकाएकी फुगतो, आणि बँकेत मात्र नेहमीच्या पगाराहून एक रुपयाही अधिक जमा झालेला नसतो. त्या महिन्यात त्याला कंपनीचे शेअर मिळालेले असतात. त्याने ते विकलेले नसतात, तरीही त्यांच्यावरचा कर भरून झालेला असतो.

कर्मचाऱ्यांना शेअर देण्याची पद्धत आपल्याकडे १९९० च्या दशकात इन्फोसिससारख्या कंपन्यांनी रुजवली. तिच्यावरील कराचे नियम मात्र पुढे अनेकदा बदलले. २००७ ते २००९ या दोन वर्षांत हा कर कंपनीवर होता. एप्रिल २००९ पासून तो पुन्हा कर्मचाऱ्याकडे आला. तेव्हापासूनचे तत्त्व असे, की कंपनीने फुकट किंवा सवलतीत दिलेला शेअर हा पगाराचाच भाग असून, ज्या दिवशी कर्मचारी तो घेण्याचा हक्क वापरतो त्या दिवशीचे वाजवी बाजारमूल्य आणि कर्मचाऱ्याने मोजलेली किंमत यांतील फरक त्याच्या उत्पन्नात मिळवला जातो.

उदाहरणार्थ, मुदत पूर्ण झाल्यावर मिळणारे, म्हणजे आरएसयू प्रकारचे, १०० शेअर एका कर्मचाऱ्याला मिळाले आणि त्या दिवशी प्रत्येकाचे मूल्य १०,००० रुपये होते असे धरू. त्याच्या पगारात १० लाख रुपयांची भर पडली. तो ३० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर उपकरासह ३,१२,००० रुपये कर लागतो. हे पैसे उभे करण्यासाठी कंपनी बहुधा त्याच दिवशी ३२ शेअर विकते आणि उरलेले ६८ त्याच्या खात्यात टाकते. पगारपत्रकातील फुगलेला आकडा हाच.

येथून पुढे दुसरा हिशेब सुरू होतो. उरलेल्या शेअरची खरेदी किंमत आता शून्य राहत नाही, ती १०,००० रुपये धरली जाते. हे ध्यानात न ठेवल्यामुळे विक्रीची संपूर्ण रक्कम नफा म्हणून दाखवणारे आणि त्याच पैशावर दुसऱ्यांदा कर भरणारे लोक आजही आहेत, आणि त्यांचे नुकसान पूर्णपणे टाळता येण्याजोगे आहे. परदेशी बाजारात नोंदलेला शेअर २४ महिन्यांहून अधिक काळ ठेवून १३,००० रुपयांना विकला, तर ६८ शेअरवरील २,०४,००० रुपयांच्या नफ्यावर साडेबारा टक्क्यांनी २५,५०० रुपये अधिक उपकर एवढाच कर पडतो; त्याआधी विकला, तर नफा नेहमीच्या उत्पन्नात मिळवून टप्प्याच्या दराने कर लागतो. भारतीय बाजारात नोंदलेल्या शेअरसाठी ही मुदत १२ महिन्यांची आहे. तेथे अल्पकालीन नफ्यावर २० टक्के, आणि दीर्घकालीन नफ्यावर वर्षाला सव्वा लाख रुपये वगळून साडेबारा टक्के कर आहे. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे आहेत.

पण भाव पडला तर? तोच शेअर ६,००० रुपयांवर आला, तर ६८ शेअरवर २,७२,००० रुपयांचा तोटा होतो. हा तोटा पगारातून वजा होत नाही. तो केवळ भांडवली नफ्यातून, आणि पुढील आठ वर्षांपर्यंतच, वळता करता येतो. १०,००० रुपये भाव धरून भरलेला कर परत मिळत नाही.

(दृश्य: एका लहान स्टार्टअपचे कार्यालय.)

खरी अडचण येथे आहे. स्टार्टअपच्या शेअरला बाजार नसतो. समजा, कर्मचाऱ्याने २,००० ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या किमतीत शेअर घेण्याचे हक्क, प्रत्येकी १०० रुपयांना वापरले आणि मूल्यांकन करणाऱ्या मर्चंट बँकरने शेअरचे मूल्य ९०० रुपये ठरवले. तर २ लाख रुपये शेअरचे आणि १६ लाखांच्या फरकावर ४,९९,२०० रुपये कराचे, असे सुमारे सात लाख रुपये त्याला पदरचे घालावे लागतात, आणि हाती येतो तो विकता न येणारा शेअर. २०२० मध्ये सरकारने यावर सवलत दिली: शेअर मिळाले त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षे, शेअरची विक्री किंवा नोकरी सोडणे, यांपैकी जे आधी घडेल तोवर कर पुढे ढकलता येतो. मात्र ही सवलत आंतरमंत्रालयीन मंडळाचे प्रमाणपत्र असलेल्या स्टार्टअपपुरतीच आहे, आणि नोकरी सोडताच थकलेला कर एकदम देणे होतो. ज्या उत्पन्नाचे पैसे झालेले नाहीत त्यावर सामान्य नोकरदाराकडून रोख कर मागणे आम्हाला न्याय्य वाटत नाही. कर विक्रीच्या दिवशी घ्यावा, ही मागणी रास्त आहे.

शेअर न घेताच रोख पैसे मिळाले, तर काय करायचे, यावर न्यायालयांतही एकमत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये फोनपे फ्लिपकार्टपासून वेगळी झाली, तेव्हा ऑप्शनचे मूल्य घटल्याबद्दल कर्मचाऱ्यांना प्रत्येक ऑप्शनमागे ४३.६७ डॉलर भरपाई देण्यात आली. ही भांडवली प्राप्ती असून करपात्र पगार नव्हे, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाने ती पगारातील लाभच ठरवली.

(दृश्य: विवरणपत्रातील परकीय मालमत्तेचे परिशिष्ट.)

परदेशी कंपनीचे शेअर असणाऱ्या निवासी करदात्याला ते विवरणपत्रातील परकीय मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवावे लागतात, आणि तेथील हिशेब आर्थिक वर्षाचा नसून जानेवारी ते डिसेंबर असा असतो. वर्षभरात मिळून वर्षातच विकलेले शेअरही त्यात येतात. न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसाविरोधी कायद्यानुसार दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर वगळता इतर परकीय मालमत्ता एकूण वीस लाखांपर्यंत असेल, तर हा दंड लागत नाही, पण ती दाखवण्याचे बंधन कायम आहे.