जयंती रोहू आणि मामा तलाव

नागपूरच्या मासळी बाजारात पहाटे बर्फाच्या पेट्या उतरवल्या जातात. त्यांतला बराचसा रोहू आणि कटला आंध्र प्रदेशातून आलेला असतो. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने पूर्व विदर्भात हजारो तलाव बांधले, आणि तेच आज माजी मालगुजारी तलाव, म्हणजे मामा तलाव, म्हणून ओळखले जातात. एवढे पाणी उशाशी असताना या शहराला मासा इतक्या दुरून आणावा लागतो, ही साधी गोष्ट नाही.

मत्स्यपालनाची सुरुवात बीजापासून, म्हणजे माशांच्या पिल्लांपासून होते. नदीला पूर आला की वाहून येणारे जिरे, म्हणजे नुकतीच जन्मलेली इवलीशी पिल्ले, गोळा करायचे, एवढाच मार्ग एकेकाळी होता. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी यांनी पियुष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्प, म्हणजे रोहू-कटलाच्या कुळातल्या माशांचे प्रजनन घडवून आणले आणि बीजकेंद्रांचे युग सुरू झाले. मात्र पुढे अनेक केंद्रांत त्याच त्या नर-माद्यांपासून पिढ्यानपिढ्या बीज काढले गेले आणि माशांची वाढ खुंटू लागली.

याच अडचणीवर भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने 1992 मध्ये नॉर्वेतील संशोधकांसोबत काम सुरू केले. गंगा, यमुना, गोमती, सतलज आणि ब्रह्मपुत्रा या नद्यांतील रोहू एकत्र आणण्यात आला. प्रत्येक जोडीची पिल्ले वेगळ्या लहान तळ्यात वाढवायची, पुरेशी मोठी झाली की तांदळाच्या दाण्याएवढा टॅग त्यांच्या शरीरात बसवायचा आणि मगच सर्वांना एका तळ्यात सोडायचे, म्हणजे कोणत्या कुटुंबातला मासा अधिक वाढला हे नेमके कळते. ही कुटुंबनिवड नॉर्वेने सॅल्मनवर यशस्वी केली होती. रोहूमध्ये तिने दर पिढीला वाढीचा वेग सरासरी सुमारे 17 टक्क्यांनी वाढवला. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, 1997 मध्ये, या वाणाला ‘जयंती’ हे नाव मिळाले. 2022 मध्ये जगातील संवर्धित जलचरांचे उत्पादन 9.44 कोटी टनांवर जाऊन प्रथमच मासेमारीच्या पुढे गेले, त्यामागे अशा संशोधनाचाही वाटा आहे.

पण चांगला वाण विदर्भात आणला म्हणजे काम संपत नाही. इथले कित्येक तलाव वर्षातून सहा-आठ महिनेच पाणी धरतात, आणि जुलैत सोडलेले कोवळे जिरे मरळ या शिकारी माशाच्या तोंडी जाते. अशा पाण्यासाठी आदल्या वर्षी दाटीने सांभाळलेली मोठी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले हवीत, आणि तीही वेळेवर. बीजाची पिशवी काठावर पोहोचली की ती लगेच फोडायची नसते. पिशवीतल्या आणि तलावातल्या पाण्याचे तापमान सारखे होईपर्यंत ती पाण्यावर तरंगत ठेवावी लागते. एवढा धीर धरला नाही, तर अनेक वर्षांच्या संशोधनातून आलेले बीज काठावरच दगावू शकते.

मत्स्यबीज सोडण्यापूर्वी हेक्टरी सुमारे 2,500 किलो मोहाची पेंड टाकून तळ्यातले मूळचे मासे मारावेत, अशी शिफारस वर्षानुवर्षे केली गेली. शिकारी माशांबाबत ती समजण्यासारखी आहे. परंतु या पेंडीने ज्यांना बिनकामाचे म्हटले गेले ते लहान मासेही मरतात, आणि मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर कुटुंबांच्या रोजच्या कालवणात तर तेच असतात. वर्ल्डफिश या आंतरराष्ट्रीय संस्थेत काम केलेल्या डॉ. शकुंतला हरकसिंग थिलस्टेड यांनी बांगलादेशात मोला हा छोटा मासा कार्पसोबत एकाच तळ्यात वाढवण्याचा मार्ग रुजवला. मोठा मासा विकायचा आणि डोक्या-काट्यासह खाल्ला जाणारा मोला घरी ठेवायचा. त्यातून मुलांना आणि गर्भवतींना अ जीवनसत्त्व व कॅल्शियम मिळते. या कार्यासाठी त्यांना 2021 चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

विदर्भाने परदेशी सहकार्यातून आधी हेच घ्यावे, असे आम्हाला ठामपणे वाटते. भंडारा जिल्ह्यात ढिवरांनी काही तलावांतील बेशरम ही उपद्रवी वनस्पती उपटून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आहेत, कारण कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आधाराने राहतो हे त्यांना पिढ्यांपासून ठाऊक आहे. नागपूरच्या तेलंखेडी येथे मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. तेथील अभ्यासकांनी मच्छीमार सहकारी संस्थांसोबत अशा तलावांवर जयंती रोहूची चाचणी घेतली, तर विक्रीच्या वजनाशेजारी घरच्या ताटात किती आणि कोणता मासा गेला, याचीही नोंद दर आठवड्याला ठेवता येईल.